गोवऱ्यांच्या आगटीशेजारी झालेल्या याद्या

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी घरात एकच गोष्ट हट्टानं मागितली. याद्या, म्हणजे लग्नाची बोलणी कागदावर उतरवण्याची बैठक, घरात, गाद्या-तक्के टाकून, समोरासमोर बसून करायची नाही. शेतावर करायची, गोठीत.

गोठ हा शब्द माळव्याबाहेरच्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागतो. आमचे होणारे व्याही मंगळवेढ्याकडचे. त्यांना फोनवर म्हटलं, "अण्णा, याद्यांच्या दिवशी गोठ करू या," तर पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "गोठ्यात? जनावरं हायत का तुमची?" मी सांगितलं, की माळव्यात गोठ म्हणजे नदीकाठी किंवा शेतावर जाऊन, तिथंच चूल मांडून केलेलं दाल-बाफल्यांचं, म्हणजे डाळ आणि उकळून निखाऱ्यावर शेकलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण. पावसाळ्यात पाताळपाणी, तिंछा, चोरल या बाजूंना रविवारी पातेली-पराती घेऊन निघालेली कितीतरी कुटुंबं दिसतात. थंडीत कुणाच्या तरी शेतावर जमायचं. रांधायचं काम बहुतेक पुरुषांचं. आम्ही होळकरांच्या मागोमाग इकडे आलेली माणसं, पाच-सहा पिढ्या इंदुरात गेल्या. होळीला पुरणपोळी राहिली, गौरी-गणपती राहिले, पण चार माणसं जमवायची म्हटलं की आमच्याकडे बाफलेच होतात.

अण्णा म्हणाले, "म्हंजे आमच्या हुरड्यासारखंच की." तेवढ्यावर ते तयार झाले. माझ्याच घरात मात्र खळबळ माजली. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला, "याद्या देवासमोर होतात. राखेत बसून कुणी केल्यात का आजवर?" साखरपुड्याच्या दिवशीच याद्या उरकून टाकू असा त्याचा आग्रह होता, आणि तेव्हाही मीच त्या पुढे ढकलल्या होत्या.

माझं कारण जुनं आहे. चाळीस वर्षांपूर्वी रामबागेतल्या आमच्या घरी ताईच्या याद्या झाल्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. दोन्हीकडची वडीलधारी पुरुषमंडळी समोरासमोर बसतात. लग्न कुठं, किती माणसं, कुणी काय करायचं, कुणाचा मान काय, हे एकेक कलम वाचून कागदावर लिहितात. दोन प्रती होतात, त्यांना हळदकुंकू लावतात, दोन्हीकडचे सह्या करतात आणि कागद एकमेकांना देतात. त्या दिवशी एका बाजूला आम्ही नऊ, दुसऱ्या बाजूला ते अकरा, मध्ये पानाचं तबक. मी कॉलेजात होतो, पाणी द्यायला उभा होतो. हुंडा हा शब्द कुणी उच्चारला नाही. १९६१च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर तो पोशाख, अंगठी, येण्याजाण्याचा खर्च अशी नावं घेऊन उतरत गेला. प्रत्येक कलमाला त्यांच्यातला कुणीतरी 'एवढं तर असतंच' म्हणायचा आणि वडील माझ्या काकांकडे बघायचे. शेवटची सही करताना त्यांचा हात थरथरला, शाई सांडली. ताईचा संसार पुढे चांगला झाला. पण वडील त्या खोलीत पुन्हा कधी निवांत बसल्याचं मला आठवत नाही.

मला वाटायचं, दोष माणसांचा होताच, पण त्या बैठकीचाही होता. गादीवर समोरासमोर बसवलं की चांगला माणूसही आपल्या बाजूचा होऊन बोलतो. म्हणून मला दोन्ही घरच्या पुरुषांना आधी एकत्र कामाला लावायचं होतं, आणि कागद नंतर काढायचा होता.

बायकोनं विचारलेल्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "याद्या पुरुषांनीच का करायच्या? लग्न तुमचं आहे का?" मी गप्प राहिलो, कारण ती बरोबर होती. दोन दिवसांनी लेकीनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. तिनं आणि जावईबापूंनी फोनवर बोलून सगळी कलमं आधीच ठरवली होती. कार्यालय आणि जेवण निम्मं-निम्मं. दागिने ज्याचे त्यानं. वऱ्हाडाच्या गाड्या त्यांच्या, उतरण्याची सोय आमची. आहेर कुणी द्यायचा नाही, घ्यायचा नाही. खाली दोघांच्या सह्या आणि दोन्हीकडच्या आयांच्याही. "बाबा, तुम्ही तिथं बसून फक्त वाचा आणि सह्या करा," ती म्हणाली. मी तो कागद दोनदा वाचला. असा कागद ताईच्या वेळी कुणी लिहू शकलं असतं, तर?

जागा ठरली ती माझ्या एका मित्राच्या शेतावर, मानपूरच्या अलीकडे, हायवेवरून दोनेक किलोमीटर आत. तिथून जानापावचा डोंगर दिसतो. चंबळ तिथं उगम पावते आणि उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते. आणि मानपूरचा घाट उतरलं की पुढचं सगळं पाणी नर्मदेचं. शेत निवडण्याचं आणखी एक कारण होतं. बायकांचा बस्ता महेश्वरला बांधायचा ठरला होता आणि वाट तीच. त्या आम्हाला शेतावर सोडून घाट उतरणार, साड्या घेऊन संध्याकाळी परत येणार. पाहुण्यांचा रस्ताही हाच. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापूरहून बीड, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), धुळ्यावरून थेट इंदूरला येतो. सातशे किलोमीटरच्या वरचं अंतर, पण वळण नाही. अण्णा म्हणाले होते, "सोलापुरात रस्ता धरला, तुमच्या दारात सोडला."

सामान मी स्वतः आणलं. पंचवीस माणसांसाठी सहा किलो गव्हाचं जाडं पीठ, तेही गिरणीत समोर उभं राहून रवाळ दळून घेतलेलं. बारीक कणकेचे बाफले चिवट होतात. त्यात अर्धा किलो मक्याचं पीठ, म्हणजे खुसखुशीत होतात. दोन किलो तुरीची डाळ, थोडी हरभऱ्याची. ओवा, बडीशेप, दही, चिमूटभर सोडा. तूप साडेचार किलो, कारण बाफला तुपात बुडवायचा असतो, वरून लावायचा नसतो. पळसाच्या पत्रावळी. आणि दोनशे गोवऱ्या, ज्यांना आमच्याकडे कंडे म्हणतात.

गोवऱ्यांनीच घोळ केला. आदल्या दिवशी मावठा झाला. थंडीतल्या या पावसाला माळव्यात मावठा म्हणतात, गव्हाला तो अमृतासारखा. पण शेतावरच्या छपरातून पाणी गळलं आणि निम्म्याहून जास्त गोवऱ्या ओल्या झाल्या.

सकाळी घरी पोहे-जिलेबी झाली आणि आम्ही नऊच्या सुमारास शेतावर पोचलो. पाहुणे अकरा होते. अण्णा, त्यांचे दोन भाऊ, जावईबापू, त्यांचा धाकटा भाऊ, जावईबापूंचे मामा, बाकी चुलतभाऊ आणि गावातले दोन वडीलधारे. आमच्याकडचे चौदा. पहिला अर्धा तास मला भीती वाटत होती तसंच झालं. त्यांचे लोक लिंबाखाली सतरंजीवर, आमचे लोक विहिरीकडे. मध्ये दहा पावलांची मोकळी जमीन. कुणी काही वाईट बोलत नव्हतं, पण कुणी बोलतच नव्हतं. मामा तर एका बाजूला खुर्ची ओढून बसले होते आणि चहाचा कपही त्यांनी परत केला.

मी आणि पुतण्यानं जगरा मांडायला घेतला. गोवऱ्यांचा ढीग पेटवून निखारे करायचे, त्याला जगरा म्हणतात. ओल्या-कोरड्या मिसळून रचल्या, रॉकेल टाकलं, काडी लावली. धूर झाला, नुसता धूर. उत्तरेचा वारा सुटलेला. धूर सरळ लिंबाखालच्या पाहुण्यांवर. तीनदा पेटवलं, तीनदा विझलं. शेताचा रखवालदार म्हातारा, त्यानं लांबून सांगितलं, "भिया, कंडे गीले हैं, जल्दी मत करो." दादाचा चेहरा मला दिसत होता. इंदुरातल्या एखाद्या महाराजाला, म्हणजे आचाऱ्याला, सांगून तयार जेवण मागवायला हवं होतं, असं त्याच्या मनात चाललेलं मला वाचता येत होतं.

तेवढ्यात अण्णा उठले. चपला काढल्या, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या पुतण्याच्या हातातली काडेपेटी घेतली. "रॉकेल नगं. बाफल्याला वास लागंल. कुदळ हाय का?"

मी कुदळ दिली. त्यांनी वारा कुठून येतोय ते आधी पाहिलं. मग हातभर खोल, चार हात लांब खड्डा खणायला सुरुवात केली. त्यांचा धाकटा भाऊ न सांगता फावडं घेऊन आला. निघालेली माती त्यांनी उत्तरेच्या बाजूला बांधासारखी लावली, म्हणजे वारा थेट आगीवर येणार नाही. "ही आमची आगटी," ते म्हणाले. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. थंडीत तिकडं रानारानांत आगट्या पेटतात आणि हुरडा भाजला जातो. अण्णा लहानपणापासून तेच करत आले होते.

खड्ड्याच्या तळाला काय घालायचं? त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कडेला नुकत्याच झोडपलेल्या तुरीच्या तुराट्या पडल्या होत्या. "ही आसताना रॉकेल कशाला?" तुराट्यांचा थर, त्यावर कोरड्या गोवऱ्या उभ्या, एकमेकींना टेकवलेल्या, मधून हवा जाईल अशा. आडव्या रचल्या की गुदमरतात, हे त्यांनी माझ्या पुतण्याला करून दाखवलं. ओल्या गोवऱ्या फेकल्या नाहीत. खड्ड्याच्या काठावर गोल लावून ठेवल्या. कोरड्या जळतील तशा या शेकून वाळतील आणि दुसऱ्या फेरीला कामाला येतील. एका काडीत तुराट्या तडतडल्या. पंधरा मिनिटांत आगटीत जाळ आणि धूर सरळ वर.

आमचे चौदा आणि त्यांचे दहा, सगळे त्या खड्ड्याभोवती उभे होते. विहिरीकडे कुणी उरलं नव्हतं. मला आजही तो क्षण डोळ्यांसमोर लख्ख दिसतो, कारण त्यानंतर कुणाला 'या, बसा' म्हणावं लागलं नाही.

कणीक मी आणि जावईबापूंनी मळली. ते सोलापूरला बँकेत आहेत, हात मऊ. मी त्यांना मोहनाची परीक्षा दाखवली. पिठात कोमट तूप चोळायचं, मग मूठ आवळायची. लाडू वळला आणि बोटानं दाबल्यावर भुगा झाला की मोहन बरोबर. कमी पडलं तर बाफला दगड होतो, जास्त झालं तर उकळताना फुटतो. ते मन लावून करत होते. मध्येच म्हणाले, "काका, ही यादी आम्ही केली, तुम्हाला राग तर नाही ना आला?" मी म्हटलं, "राग नाही. उशिरा केलीत, चाळीस वर्षं." त्यांना अर्थ कळला नाही. मग मी ताईची गोष्ट सांगितली, कणीक मळता मळता, डोकं वर न करता. वडिलांच्या हाताबद्दल घरात कुणाशी बोललो नव्हतो. त्यांच्याशी बोललो. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, फक्त परात आपल्याकडे ओढून घेतली आणि उरलेली कणीक स्वतः मळली.

गोळे लिंबापेक्षा मोठे, मध्ये अंगठ्यानं खळगा. बाटी आणि बाफल्यात फरक इथंच. बाटी सरळ निखाऱ्यावर जाते, बाफला आधी उकळतो. मोठ्या पातेल्यात हळद घातलेलं पाणी खळखळायला लागलं की गोळे सोडायचे. आधी तळाला बसतात, मग एकेक वर यायला लागतात. वर आले म्हणून काढायचे नाहीत, आणखी दहा मिनिटं तसेच ठेवायचे. एक कापून पाहायचा, आत ओली कणीक दिसली तर थांबायचं. काढल्यावर धोतराच्या जुन्या पानावर पसरून चांगले सुकवायचे. घाईनं ओलेच निखाऱ्यावर टाकले तर राख चिकटते आणि दातांखाली कचकचते. माझ्या पुतण्यानं पहिले दहा असेच टाकले होते. रखवालदार म्हाताऱ्यानं चिमट्यानं काढून परत सुकायला ठेवले.

बाफले सुकेपर्यंत अण्णांनी गाडीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कणसं आणली. आदल्या पहाटे कापलेली हुरड्याची ज्वारी. सातशे किलोमीटरमध्ये दाणा थोडा निबर झाला होता, त्यांना ते फार लागलं. "रानात बसून खायाचा हा पदार्थ. गाडीत बसवून आनला की रुसतो." कणसं गरम राखेत सारली, फिरवली, बाहेर काढली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत. बरोबर सोलापुरी शेंगाची चटणी. माझ्या एका भाच्यानं त्यावर जीरावन भुरभुरलं, जे आम्ही इंदूरचे लोक पोह्यांवर घालतो. अण्णांच्या भावानं चाखून पाहिलं आणि जीरावनची पुडीच मागून घेतली. रखवालदारानं एक कणीस हातात धरून बराच वेळ पाहिलं. त्याच्या लहानपणी या शेतात ज्वारीच असायची, म्हणाला. मग सोयाबीन आलं आणि माळव्यातली ज्वारी मागे पडत गेली. त्यानं हुरडा खाल्ला तो उभ्यानंच, एकेक दाणा.

कुणीतरी अहिल्याबाईंचा विषय काढला. बायका महेश्वरला गेल्या होत्या, म्हणून निघाला असेल. अण्णांबरोबरचे एक वडीलधारे म्हणाले, "आमच्या सोलापूरच्या विद्यापीठाला तुमच्या अहिल्यादेवींचं नाव दिलंय." दादा, जो सकाळपासून गप्प होता, तो पटकन बोलला, "आमच्या कुठल्या? जन्म तर चौंडीचा, तुमच्याच बाजूचा." मग पंढरपुरातला होळकर वाडा निघाला, आषाढीला आमचे आजोबा तिथं उतरायचे ते निघालं, मंगळवेढ्याचे दामाजीपंत निघाले, ज्यांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली. दादा आणि ते गृहस्थ आगटीजवळ उकिडवे बसून इतकं बोलले, की दोघांच्याही धोतरांवर राख.

जगरा तयार झाल्याची खूण एकच. धूर पूर्ण थांबला पाहिजे, वर पांढरी राख आणि आत लाल. मग निखारे पसरायचे, बाफले मांडायचे, सतत फिरवायचे. रंग आला की गरम राखेनं झाकून ठेवायचे, म्हणजे आतपर्यंत शेकतात. चीर पडली की काढायचे. गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरायची आणि हलवायचं, राख झडून जाते. हे काम अण्णांनी आणि मी केलं. पुढे तळहातांत दाबून फोडायचा आणि तुपात सोडायचा. तूप पीत असलेल्या बाफल्याचा बारीक आवाज येतो, तो ऐकायला त्यांनी कान खाली नेला होता.

अडीचला पंगत बसली. बाफला कुस्करायचा, वर डाळ, वर पुन्हा तूप, लिंबू, हिरवी चटणी. काही बाफले फोडून गूळ घालून लाडू केले होते. पाहुण्यांना डाळ मिळमिळीत वाटली असावी, कारण त्यांच्यातल्या एकानं गाडीतून काळा मसाला आणला. ते मला आवडलं. संकोच असता तर तशीच खाल्ली असती.

बाफल्यानंतर डोळे मिटायला लागतात. लिंबाखाली सगळे आडवेतिडवे, कुणाचं डोकं कुणाच्या उशाशी. त्या अवस्थेत साडेतीन वाजता दादानं कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. कार्यालय निम्मं. हूं. जेवण निम्मं. हूं. गाड्या, उतरण्याची सोय. हूं. आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही.

"थांबा," मामा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. "मानाचा आहेर असतोय. मामाचा मान पिढ्यान्‌पिढ्या हाय. असा कागदावरनं काढता येत न्हाई."

सगळे उठून बसले. माझ्या पोटात खड्डा पडला. एका वाक्यात ती मधली दहा पावलांची जमीन परत आली. अण्णा चिडले. "पोरांनी लिवलंय, बायकांनी सही केलीया, आता तू मधी कशाला?" मामा उठून विहिरीकडे चालू लागले.

दादा म्हणाला, "लिहून टाकू, मामांना आहेर. काय जातं?" अण्णा म्हणाले, "न्हाई. एकाला लिवला की धा उभं राहत्यात." दोघंही खरं बोलत होते.

मी विहिरीकडे गेलो. मामा कठड्यावर बसले होते, मीही बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "मामा, माझं काही चुकलं असेल तर सांगा." त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं. साखरपुड्याला आमच्याकडच्या माणसानं माइकवर एकेका पाहुण्याचं नाव घेऊन फेटा बांधायला बोलावलं होतं. सगळ्यांना बोलावलं. मामांचं नाव राहिलं. ते पुढे सरकून उभे होते, तसेच मागे गेले. "आहेर नकोय मला. बहिणीच्या पोराचा साखरपुडा, आन् मी बोडका उभा."

मला हे कळलंच नव्हतं. ती यादी मी लिहिली होती. मामांचं नाव सुटलं ते माझ्या हातून. मी त्यांना तसं सांगितलं, हात जोडले आणि क्षमा मागितली. ते विरघळले वगैरे नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले. पण परत आले आणि सतरंजीवर बसले.

कलम तसंच राहिलं. फक्त खाली माझ्या हातानं एक ओळ वाढवली, की लग्नाच्या दिवशी दोन्हीकडच्या मामांना पहिला फेटा, नाव घेऊन, सगळ्यांसमोर बांधायचा. फेट्यांचा खर्च निम्मा-निम्मा. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना चाललं. हळदकुंकू लावलं. सह्या झाल्या. अण्णांच्या बोटांना राख होती, माझ्या बोटांना तूप, दोन्ही प्रतींवर दोन्ही उमटलं. सुपारी फोडली, पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा खिशात ठेवला.

पाचला गाड्या घाट चढून आल्या. बायका साड्यांची बोचकी घेऊन उतरल्या. त्यांच्यासाठी राखेत झाकून ठेवलेले बाफले अजून गरम होते. लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंनी कागद मागून घेतला, वाढवलेली ओळ वाचली, आपल्या भावाकडे एकदा पाहिलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

निघण्यापूर्वी अण्णांनी आगटीत दोन बादल्या पाणी ओतलं. राखेवर तळहात ठेवून थंड झाल्याची खात्री केली आणि कुदळीनं माती परत लोटली. शेतकऱ्याच्या रानात खड्डा सोडून जायचं नसतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबले होते. पोचल्यावर कळवतो वगैरे झालं. मग म्हणाले, "मामा इचारतोय, मोहन किती घातलं होतं. घरी करून बघायचं म्हंतोय."

"किलोला पावशेरापेक्षा थोडं कमी," मी सांगितलं. "आणि पीठ जाडंच दळायला सांगा."

मागून मामांचा आवाज ऐकू आला, ते कुणाला तरी लिहून घ्यायला सांगत होते.